पेन्सिलीने काढलेली पत : रोममधला अँग्र आणि त्याची गिऱ्हाइकं, १८१५ ते १८२०

लॉर्ड विल्यम बेंटिंक हे नाव आपल्याकडे शाळेच्या इतिहासातून येतं आणि बहुधा एकाच वाक्यात येतं: १८२९, सतीबंदी. कोलकात्यात व्हिक्टोरिया मेमोरियलच्या आवारात त्याचा ब्राँझचा पुतळा आहे, चौथऱ्यावर सतीच्या प्रसंगाचं उठावचित्र आहे. गव्हर्नर जनरलच्या इतमामाला साजेसा ऐवज. याच माणसाचं आणखी एक चित्र फ्रान्सच्या नैऋत्य कोपऱ्यात, बायोनच्या बोना संग्रहालयात आहे. पांढऱ्या कागदावर पेन्सिलीने काढलेलं; सोबत त्याची पत्नी. साल १८१६, गाव रोम. काढणारा झां ओग्यूस्त दॉमिनिक अँग्र. पुढे फ्रान्समध्ये ज्याच्या नावाने चित्रकलेच्या मास्तरांची एक अख्खी पिढी शपथा घ्यायची, तो.

त्या वर्षी मात्र बेंटिंक कुठल्याच खुर्चीवर नव्हता आणि अँग्रच्या नावाने कोणी शपथा घेत नव्हतं. दोघांनाही आपापल्या देशाने बाजूला काढून ठेवलं होतं. कॅमेरा येण्याआधीच्या युरोपात माणूस स्वतःचं चित्र का काढून घ्यायचा, त्या कागदावर त्याची कोणती ओळख उतरायची, आणि काढणाऱ्याची स्वतःची ओळख त्यात कशी घसरायची, हे या पाच वर्षांच्या रोममध्ये एकाच खोलीत पाहायला मिळतं. म्हणून हे प्रकरण.

समोर बसलेला माणूस

बेंटिंक हा पोर्टलंडच्या ड्यूकचा दुसरा मुलगा. बाप दोनदा इंग्लंडचा पंतप्रधान झालेला. पण ड्यूकपद थोरल्याकडे जाणार, जहागीर थोरल्याकडे जाणार. धाकट्याच्या वाट्याला ‘लॉर्ड’ ही नावापुढची शिष्टाचाराची पदवी आणि बाकी सगळं स्वतः मिळवायचं. इंग्रजी सरदार घराण्यांतल्या धाकट्या मुलांचं हे नेहमीचं दुखणं होतं. त्यातले कितीतरी लष्करात, चर्चमध्ये किंवा हिंदुस्थानात जायचे. हाही गेला. १८०३ साली एकोणतिशीच्या आतच मद्रासचा गव्हर्नर झाला आणि त्याच वर्षी त्याने गॉसफर्ड घराण्यातल्या मेरी अचेसनशी लग्न केलं.

मद्रासला घात झाला. शिपायांनी कवायतीला येताना कपाळावर गंध-नाम लावायचं नाही, दाढी ठरावीक मापातच ठेवायची, आणि डोक्यावर नव्या धर्तीची, कातडी तुरा लावलेली पगडी घालायची, असे हुकूम निघाले. हुकूम सेनापतीचे, पण गव्हर्नरने ते चालू दिले. १० जुलै १८०६ रोजी वेल्लोरच्या किल्ल्यात शिपाई उठले. पुढच्या वर्षी बेंटिंकला परत बोलावून घेण्यात आलं. शिपायाच्या पगडीत आणि गंधात त्याची सगळी ओळख साठवलेली असते, हा धडा ज्याने असा महागात घेतला, तोच माणूस नऊ-दहा वर्षांनी स्वतःच्या कोटाच्या घडीसकट कागदावर उतरायला बसला, हा योगायोग मला सोडवत नाही.

मधल्या काळात तो स्पेनमध्ये लढला, मग सिसिलीत ब्रिटिश फौजेचा प्रमुख आणि राजदूत म्हणून राहिला. तिथल्या राजाला त्याने इतकं कोंडीत धरलं की १८१२ साली सिसिलीला इंग्रजी धर्तीची राज्यघटना मिळाली. १८१४ साली जिनोआ घेतलं आणि लंडनला न विचारता तिथलं जुनं प्रजासत्ताक पुन्हा चालू झाल्याचं जाहीर करून टाकलं. लंडनमधल्या मंत्र्यांना हा अतिशहाणपणा वाटला. व्हिएन्नाच्या तहात जिनोआ शेजारच्या पिडमाँट राज्याच्या राजाकडे गेलं आणि बेंटिंक घरी. म्हणजे १८१६ साली रोममध्ये असलेला हा चाळिशी उलटलेला सरदारपुत्र दोन मोठ्या हुद्द्यांवरून उतरवलेला होता.

समोर पेन्सिल घेऊन बसलेला माणूस

अँग्रचा बाप दक्षिण फ्रान्समधल्या माँतोबाँ गावचा. नक्षीकाम, गिलाव्याची शिल्पं, छोटी व्यक्तिचित्रं, जे काम येईल ते करणारा हरहुन्नरी कारागीर. पोराला चित्रकला आणि व्हायोलिन दोन्ही त्यानेच शिकवलं. पोरगा तुलूझमध्ये शिकला, मग १७९७ साली पॅरिसला दाविद या तेव्हाच्या बड्या चित्रकाराच्या कार्यशाळेत दाखल झाला. १८०१ साली त्याने रोम पारितोषिक, म्हणजे रोममध्ये राहून शिकायची सरकारी शिष्यवृत्ती, पटकावलं. सरकारी तिजोरीत खडखडाट होता, म्हणून रोमला निघायला १८०६ उजाडलं. निघताना त्याने सिंहासनावर बसलेल्या नेपोलियनचं भलंमोठं चित्र पॅरिसच्या प्रदर्शनात ठेवलं होतं. त्यावर टीकाकार तुटून पडल्याच्या बातम्या त्याला वाटेतच कळल्या. त्याने ते मनाला लावून घेतलं. १८१० साली शिष्यवृत्ती संपली तरी तो परतला नाही. पुढच्या वर्षी पाठवलेल्या ‘ज्युपिटर आणि थेटिस’ या चित्राचंही कौतुक झालं नाही.

पण रोममध्ये त्याचं पोट भरत होतं, कारण रोम तेव्हा फ्रेंचांचं होतं. १८०९ साली नेपोलियनने पोपची राजधानी साम्राज्याला जोडली, पोपला कैदेत टाकलं आणि जंगल, पूल, दस्तनोंदणी, पोलीस अशी खाती चालवायला फ्रेंच अंमलदारांचा ताफा आला. हे अंमलदार तरुण, नव्याने वर आलेले, पगारदार. जुन्या सरदारांसारखी घराण्याची तसबिरींनी भरलेली दालनं त्यांच्यापाशी नव्हती. त्यांना चित्रं हवी होती. मार्कोत हा जंगल खात्यातला अधिकारी त्याचा जन्माचा मित्र झाला. पूल-रस्ते खात्यातला इंजिनियर माले याला अँग्रने १८०९ साली टायबरच्या काठी उभं करून काढलं. नेपल्सच्या गादीवर नेपोलियनची बहीण कारोलिन आणि तिचा नवरा म्युरा होते, त्यांच्याकडूनही कामं येत होती. लांबलचक पाठीची ती प्रसिद्ध ‘ओदालिस्क’, म्हणजे जनानखान्यातल्या बाईचं चित्र, कारोलिननेच सांगितलेली.

१८१४-१५मध्ये हे सगळं वाहून गेलं. अंमलदार सामान बांधून निघून गेले. म्युराला ऑक्टोबर १८१५मध्ये गोळ्या घातल्या गेल्या. ओदालिस्क तयार होती, घेणारी राणी उरली नव्हती. अँग्रचं नुकतंच लग्न झालेलं. बायको मादलेन हॅट-टोप्या शिवणारी, मध्य फ्रान्समधली, पत्रापत्रीवर ठरवलेली. पहिलं मूल मृत जन्मलं. भाडं द्यायचं होतं.

आणि नेमक्या त्याच वेळी इंग्रज येऊ लागले.

गिऱ्हाइकं का आली

१८०३पासून, म्हणजे इंग्लंड-फ्रान्समधला आमियाँचा तह मोडल्यापासून, इंग्रजांना युरोप जवळजवळ बंद होता. वॉटर्लूनंतर दारं उघडली. जुन्या काळी, अठराव्या शतकात, रोमला येणारे इंग्रज म्हणजे प्रामुख्याने वारसदार तरुण. ते पोंपेओ बातोनी या रोममधल्या चित्रकाराकडून तैलचित्र काढून घ्यायचे: पूर्णाकृती, मागे पडके खांब, हाताशी एखादा संगमरवरी पुतळा. ते चित्र गावाकडच्या वाड्यात जिन्यापाशी लागायचं आणि ‘थोरले साहेब रोमला जाऊन आले’ हे पिढ्यानपिढ्या सांगायचं.

१८१५ नंतरचे प्रवासी वेगळे होते. सरदार होतेच, पण डॉक्टर, पाद्री, रजेवरचे लष्करी अधिकारी, आणि मुख्य म्हणजे त्यांच्या बायका, बहिणी, मुली. अख्खं कुटुंब बग्गीत घालून निघालेलं. बातोनीसारखं काम करवून घ्यायला यांच्यापाशी वेळ नव्हता, आणि सगळ्यांकडे तेवढे पैसेही नव्हते. पेन्सिलचित्र एका दिवसात होत होतं, ट्रंकेत मावत होतं आणि स्वस्त पडत होतं. अँग्रच्या चरित्रकारांनी नोंदवलेला दर असा: छातीपर्यंतचं चित्र ८ एक्यू (तेव्हाचं नाणं), पूर्णाकृती १२ एक्यू. म्हणजे पाय दाखवायचे तर दीडपट. मला हा दरफलक फार बोलका वाटतो. चेहरा तोच, कष्टाचा भाग तोच. पण उभं राहण्याची ढब, चुणीदार पॅन्ट आणि बूट यांचे पैसे वेगळे.

शिष्यांनी सांगितलेली पद्धत अशी की एका चित्राला सुमारे चार तास लागायचे. सकाळी दीड तास, दुपारी अडीच. मध्ये जेवण, तेही बहुधा समोरच्या गिऱ्हाइकासोबत. जेवताना माणूस सैलावतो, पोझ विसरतो, आणि तेव्हाच तो खरा दिसतो, असं अँग्रचं म्हणणं होतं. दुसऱ्या दिवशी हात फिरवायची वेळ त्याच्यावर क्वचितच यायची.

सामान साधंच. पेन्सिल मात्र नव्या काळाची. १७९५ साली, युद्धामुळे इंग्लंडचं अस्सल ग्राफाइट मिळेनासं झालं तेव्हा, काँते नावाच्या फ्रेंच संशोधकाने ग्राफाइटची पूड मातीत मळून, भाजून पेन्सिली करण्याची युक्ती काढली. मातीचं प्रमाण वाढवलं की पेन्सिल कडक. अशा कडक टोकाने केसाएवढी बारीक रेघ ओढता येते आणि ती फिसकटत नाही. कागद गुळगुळीत हवा. अँग्र तो पुठ्ठ्यावर ताणून बसवलेला, खाली आणखी कागदांचे थर असलेला वापरायचा, त्यामुळे टोकाला किंचित गादी मिळायची. (आज दुकानात त्याच्या नावाने जो रेघारेघांचा कागद विकतात, त्याच्यावर त्याने ही व्यक्तिचित्रं काढली नसती.)

कागदावर काय उतरलं

ही चित्रं जवळून पाहिली की एक गोष्ट चटकन लक्षात येते. चेहरा आणि कपडे एकाच हाताने, पण दोन निरनिराळ्या वेगांनी काढलेले आहेत. चेहऱ्यावर बारीक छटा, पापणीची कड, ओठाच्या कोपऱ्यातला ओलावा. गळ्याखाली आलं की रेघ सुटते. बाही एका लांब वळणात संपते, स्कर्ट चार-पाच रेघांत जमिनीला टेकतो, बुटाचं टोक नुसतं सुचवलेलं.

यावरून बरेच जण म्हणतात की अँग्रला कपड्यांत रस नव्हता, माणसात होता. मला हे पटत नाही. त्या सुटलेल्या रेघांत शिंप्याचं काम जितकं अचूक पकडलेलं आहे, तितकं रंगवलेल्या तैलचित्रांतही सापडत नाही. कॉलर कुठे मोडते, गळपट्टा किती वेढ्यांचा, खांद्यावरची शिवण किती मागे गेली आहे, बाईच्या कंबरेची रेघ छातीखाली कितपत वर आहे, हे सगळं बरोबर आहे. आणि १८१६ साली युरोपात माणसाची पत नेमकी याच गोष्टींवरून वाचली जात होती.

त्याचं कारण फ्रेंच राज्यक्रांतीत आणि त्यानंतरच्या इंग्रजी फॅशनीत आहे. पन्नास वर्षांपूर्वी सरदार लांबूनही ओळखू यायचा: जरीचा कोट, पावडर लावलेला टोप, कमरेला तलवार, लाल टाचेचे जोडे. क्रांतीनंतर हे सगळं अंगावर घालणं पॅरिसमध्ये धोक्याचं आणि लंडनमध्ये गावंढळ ठरलं. लॉर्ड काय, डॉक्टर काय, दोघंही गडद लोकरी कोट, पांढरा गळपट्टा, उंच हॅट घालू लागले. फरक गेला नाही, तो बारीक झाला. आता तो कापडाच्या पोतात, बेताच्या मापात, गळपट्ट्याच्या स्टार्चमध्ये आणि हातमोजे नुसते हातात धरण्याच्या सवयीत लपला. असा फरक रंगापेक्षा रेघेला चांगला सापडतो. कडक पेन्सिल आणि कडक कॉलर एकाच काळाची अपत्यं आहेत, असं म्हणायला हरकत नाही.

बायकांच्या बाबतीत गोष्ट थोडी निराळी. त्यांच्या अंगावर अजून ऐवज दिसतो: झालरी, फिती, पिसांच्या टोप्या, आणि काश्मिरी शाल. नेपोलियनच्या इजिप्त मोहिमेनंतर ही शाल फ्रान्समध्ये श्रीमंतीची खूणच झाली होती. अँग्रच्या १८०६ सालच्या मादाम रिव्हिएरच्या तैलचित्रात ती अर्धा कॅनव्हास व्यापते. पण बायकांची नावं बघा. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कलादालनातलं १८१६ सालचं एक सुरेख चित्र ‘श्रीमती चार्ल्स बॅडम’ म्हणून लागलेलं आहे. चार्ल्स हे तिच्या डॉक्टर नवऱ्याचं नाव. तिचं नाव मार्गारेट. बेंटिंकची मेरीही ‘लेडी विल्यम’ म्हणूनच नोंदली जाते. चेहरा तिचा, शीर्षक नवऱ्याचं. आपल्याकडे लग्नपत्रिकेत ‘सौ. व श्री.’च्या पुढे फक्त नवऱ्याचं नाव छापायची पद्धत आठवते.

बेंटिंकच्या चित्राचा विचार करताना मला हेच महत्त्वाचं वाटतं की ते सिसिलीच्या सेनापतीचं किंवा मद्रासच्या माजी गव्हर्नराचं चित्र नाही. सरकारी चित्र काढून घ्यायचं असतं तर तैलरंग, गणवेश, मागे नकाशा किंवा किल्ला हे ठरलेलं होतं. पद गेलेल्या माणसाने पेन्सिल पत्करली आणि बायकोसोबत उभं राहणं पत्करलं. या जोडप्याला मूल नव्हतं. वाड्यात लावून नातवंडांना दाखवायची गरजही त्यात नसणार. उरते ती एक खासगी ओळख: नवरा-बायको, परगावी, एकत्र.

आणि काढणारा कोण? ज्या म्युराशी बेंटिंकने १८१४ साली नाइलाजाने युद्धविराम केला आणि ज्याच्यावर त्याचा काडीचा विश्वास नव्हता, त्याच म्युराच्या राणीची चित्रं काढून आलेला. अँग्रच्या हातातली पेन्सिल दोन वर्षांत शत्रूच्या घरातून याच्या घरात आली. त्यावर दोघांपैकी कोणाला काही म्हणायचं होतं असं दिसत नाही. पेन्सिलचित्राचा एक फायदा हाच होता: त्यावर कोणाचं राज्य आहे याची खूण राहत नव्हती.

तैलचित्राचं तसं नव्हतं. अँग्रने १८११ साली रोमच्या फ्रेंच पोलीसप्रमुखाचं, नॉर्व्हँचं, तैलचित्र काढलं होतं. आज ते लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. त्यात मागे नेपोलियनच्या पोराचा अर्धपुतळा होता, ‘रोमचा राजा’ म्हणून. साम्राज्य गेल्यावर त्याच्यावर पडदा रंगवून तो झाकला गेला, आणि आता त्या पडद्याच्या रंगाखालून पोराचं डोकं हळूहळू पुन्हा दिसू लागलं आहे.

तीन बाजूची चित्रं

बेंटिंकच्या कागदावर जे दिसत नाही ते समजायला त्याच हाताची आणखी तीन चित्रं बाजूला ठेवून पाहावीत.

पहिलं १८०६ सालचं, रोमला निघण्याआधी पॅरिसमध्ये काढलेलं फोरेस्तिये कुटुंब. मुलगी ज्युली ही तेव्हा अँग्रची वाग्दत्त वधू, स्वतः चित्रकार. (लग्न मोडलं, अँग्र परतलाच नाही.) आईबाप, मामा, ज्युली, वाद्य, आणि एका कडेला, खोलीबाहेर निघालेली मोलकरीण क्लोतिल्द. मध्यमवर्गीय घराला आपण मध्यमवर्गीय आहोत हे सांगायला दोन गोष्टी पुरल्या: मुलीचं पियानो-वादन आणि दारातली मोलकरीण. क्लोतिल्दचा चेहरा तितक्याच काळजीने काढला आहे. तिची जागा मात्र दाराशीच आहे.

दुसरं १८१५ सालचं, ल्युसियाँ बोनापार्टच्या कुटुंबाचं. आता हार्वर्डच्या संग्रहात. ल्युसियाँ हा नेपोलियनचा भांडून वेगळा झालेला भाऊ, पोपने त्याला कानिनोचा राजपुत्र केलेलं. नेपोलियन एल्बाहून परतला तेव्हा ल्युसियाँ सगळं विसरून पॅरिसला धावला. त्यामुळे चित्रात बायको अलेक्झांद्रीन आहे, मुलं गोतावळ्यासारखी पसरलेली आहेत, आणि घरधनी नाही. त्याच्या जागी त्याचा संगमरवरी अर्धपुतळा आहे, सोबत त्याच्या आईचाही, म्हणजे सम्राटाच्या आईचा. वॉटर्लूच्या वर्षात हे कुटुंब कोण आहे हे सांगायचं धाडस फक्त दगडाच्या पुतळ्यांनी केलं आहे.

तिसरं गियोम गियाँ-लेतिएरचं. हा रोमच्या फ्रेंच अकादमीचा, व्हिला मेदिचीचा संचालक. जन्म १७६० साली ग्वादलूप बेटावर. बाप गोरा फ्रेंच अधिकारी, आई गुलामगिरीतून सुटलेली मिश्रवंशीय बाई. बापाने त्याला कायदेशीर मुलगा म्हणून मान्यता दिली ती १७९९ साली, लेतिएर चाळिशीच्या उंबऱ्यावर असताना. अँग्रने त्याला आणि त्याच्या घरच्यांना अनेकदा काढलं. १८१५च्या चित्रात, न्यूयॉर्कच्या मॉर्गन लायब्ररीत आहे ते, दिसतो तो भारदस्त अंगाचा, मोठा कोट घातलेला, स्वतःवर खूष असलेला साहेब. पांढऱ्या कागदावरच्या पेन्सिलीला कातडीचा रंग सांगायची सक्ती नसते. अँग्रने ती सवलत मुद्दाम घेतली की त्याच्या डोळ्यांना आपला वरिष्ठ असाच दिसायचा, हे ठरवता येत नाही. पण ज्या समाजात रंगावरून माणसाची किंमत ठरायची, तिथे कोटाने रंगाला मागे टाकलेला हा कागद आहे.

दारावरचा माणूस

या सगळ्यात अँग्र स्वतः खूष नव्हता. एक किस्सा त्याचे सगळे चरित्रकार सांगतात. कोणी एक इंग्रज दारावर आला आणि विचारता झाला, छोटी छोटी चित्रं काढणारा माणूस इथेच राहतो का? अँग्र उसळून म्हणाला, नाही, इथे राहतो तो चित्रकार आहे.

आज हा किस्सा हसू आणतो. पण त्या काळच्या उतरंडीत अँग्रचा राग अगदी समजण्यासारखा आहे. फ्रेंच अकादमीच्या लेखी सर्वांत वर इतिहासचित्र: पुराणकथा, बायबल, रोमन वीर. त्याच्या खाली व्यक्तिचित्र, मग रोजच्या जीवनाची चित्रं, निसर्गचित्रं, शेवटी फळंफुलं. व्यक्तिचित्रातही तैलरंग वर, पेन्सिल खाली. म्हणजे अकादमीचं सर्वोच्च पारितोषिक मिळवलेला माणूस तासाच्या हिशेबाने प्रवाशांची पेन्सिलचित्रं काढत होता. त्यात बाप कारागीर. जे काम येईल ते करणारा. ‘छोटी चित्रं काढणारा’ म्हणजे माँतोबाँला परत ढकलणं. गिऱ्हाईक त्याच्याकडून आपली पत कागदावर नेत होतं आणि प्रत्येक कागदागणिक याची पत उणी होत होती, निदान त्याच्या मनात.

त्याने यावर एक शांत उपाय काढला होता, तो सह्यांत सापडतो. पैसे घेऊन काढलेल्या चित्रांवर नुसती कोरडी नोंद: नाव, रोम, साल. मित्रांना भेट दिलेल्या चित्रांवर मात्र अर्पण: अमक्याकडून अमक्या मित्राला. एक नोंद पावतीसारखी, दुसरी पत्रासारखी. अँग्रची सुमारे साडेचारशे पेन्सिल व्यक्तिचित्रं आज माहीत आहेत, आणि नुसती सही वाचून बहुतेक वेळा सांगता येतं की समोरचा माणूस टेबलाच्या कोणत्या बाजूचा होता.

जाता जाता एक वाद. इंग्रज चित्रकार डेव्हिड हॉकनीने १९९९ साली लंडनमध्ये ही चित्रं पाहिली आणि रेघेचा तो बिनचूकपणा पाहून ठरवलं की अँग्र कॅमेरा ल्युसिडा वापरत असणार. समोरच्या वस्तूची प्रतिमा कागदावर पडल्यासारखी दाखवणारं, वोलास्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८०६ साली पेटंट घेतलेलं ते छोटं लोलकाचं यंत्र तेव्हा उपलब्ध होतं खरं. पण अँग्रच्या किंवा त्याच्या गिऱ्हाइकांच्या लिखाणात त्याचा मागमूस लागलेला नाही. मला वाटतं, यंत्र वापरलं असेल तरी त्याने नाकाची जागा सांगितली असेल. गळपट्टा कोणाचा ताठ आणि कोणाचा उसना, हे लोलकातून दिसत नाही.

पुढे

१८२० साली अँग्र फ्लॉरेन्सला गेला, पेन्सिलचित्रांचा धंदा आटोपता घेतला. १८२४च्या पॅरिस प्रदर्शनात त्याच्या ‘तेराव्या लुईची प्रतिज्ञा’ या प्रचंड धार्मिक चित्राने बाजी मारली. पुढच्याच वर्षी लेजिआँ दॉनर या फ्रेंच सरकारी सन्मानाचा क्रॉस आणि अकादमीचं सदस्यत्व. आता तो इतिहासचित्रकार होता, निर्विवाद. व्यक्तिचित्रांबद्दल त्याचा वैताग गेला नाही. पुढे एका पत्रात त्याने त्यांना सरळ शिव्या दिल्या आहेत की ही मेली चित्रं मला मोठ्या कामांकडे जाऊच देत नाहीत. १८५५ साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात त्याच्या चित्रांसाठी खास दालन होतं. पेन्सिलचित्रंही लावा, असं सुचवल्यावर तो नको म्हणाला: लोक मग दुसरं काही बघणारच नाहीत. त्याला आपल्या हाताची किंमत पक्की ठाऊक होती. त्याला फक्त त्या किमतीने ओळखलं जायचं नव्हतं.

तोवर कॅमेऱ्याने बाजार फिरवला होता. १८३९ साली दागेरचं फोटो काढायचं तंत्र जाहीर झालं, १८५४ साली दिस्देरीने एका काचेवर अनेक छोटी चित्रं घ्यायची युक्ती पेटंट केली, आणि डॉक्टर, वकील, दुकानदार सगळे खिशात मावणारे फोटो वाटू लागले. कोट, कॉलर, हातमोजे हे सगळं आता मिनिटांत उतरत होतं. बेंटिंकसारख्या गिऱ्हाइकाला एका दिवसासाठी चित्रकाराच्या घरी जाऊन जेवायचं कारण उरलं नाही.

अँग्र पेन्सिल चालवत राहिला, पण पैशासाठी नाही. काढायचं कोणाला हे आता तो ठरवत होता, त्यामुळे उलटच झालं: अँग्रने आपल्याला काढलं, ही समोरच्याची ओळख ठरू लागली. १८३५ ते १८४१ तो पुन्हा रोममध्ये होता, या वेळी व्हिला मेदिचीचा संचालक म्हणून, लेतिएरच्याच खुर्चीत. संध्याकाळी संगीताच्या बैठका चालत, संचालक स्वतः व्हायोलिन काढून बसत. १८४१ साली त्याने तरुण संगीतकार गुनोला काढलं. त्याआधी, मे १८३९मध्ये, नामांकित पियानोवादक फ्रांझ लिस्टला. लिस्ट तेव्हा मारी दागू या काउंटेससोबत रोमला होता. ती नवऱ्याचं घर सोडून आलेली, त्यांचं तिसरं मूल त्याच महिन्यात रोममध्ये जन्मलेलं. लग्न झालेलं नाही. पॅरिसच्या दिवाणखान्यांत या नात्याला नाव नव्हतं, निमंत्रणपत्रिकेवर दोघांची नावं एकत्र छापायची सोय नव्हती. अँग्रने लिस्टच्या चित्राखाली अर्पण लिहिलं ते लिस्टला नाही: अँग्रकडून, मादाम दागू यांना.